घरातल्या कुंड्यांना काकवी देताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फ्लॅटच्या एखाद्या खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत एलईडी दिव्यांखाली मिरची, टोमॅटो, वांगी वाढवू लागलेल्या प्रत्येकाला आज ना उद्या एक सल्ला मिळतो: पाण्यातून थोडी काकवी सोडा, झाड भरून येईल. हा सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. किती काकवी, कोणत्या मातीला, झाडाच्या कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत ती मुळीच देऊ नये, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. परिणामी काहीजण ती ओततच राहतात आणि काहीजण मुंग्यांची एक रांग पाहून कायमची बंद करतात. मी स्वतः पुण्यात घरातच मिरची आणि टोमॅटो वाढवतो आणि या दोन टोकांच्या मधली जी पद्धत व्यवहारात टिकली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. या विषयावर शोध घेतला की पुढे येणारा बराचसा मजकूर कॅनडा आणि अमेरिकेत घरात गांजा वाढवणाऱ्यांनी लिहिलेला असतो. कॅनडाच्या केंद्रीय कायद्याने २०१८ पासून प्रौढांना घरी मर्यादित झाडे लावण्याची मुभा दिली आहे. भारतात मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचे एक झाड लावणे हासुद्धा गुन्हा आहे, मग ते शेतात असो की कपाटात. म्हणून हा लेख भाजीपाल्याच्या कुंड्यांपुरता आहे. तिकडच्या लेखांतील ‘फुलोरा घट्ट होतो’, ‘गोडवा उतरतो’ यांसारखे दावे आपल्या टोमॅटोला लावण्याआधी पहिली पायरी नीट वाचावी.

१. काकवी नेमके काय करते, ते आधी समजून घ्या

हिरवे झाड स्वतःची साखर स्वतः तयार करते. पानांवर प्रकाश पडतो, हवेतील कर्बवायू आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून पानात साखर बनते आणि तेथून ती खोड, मुळे, फुले व फळे यांच्याकडे जाते. मातीत टाकलेली साखर मुळांवाटे चढून फळात उतरते, ही समजूत फार पसरलेली असली तरी झाडाचा व्यवहार त्या दिशेने चालत नाही. मुळे अत्यल्प प्रमाणात साखर शोषू शकतात, पण त्यांच्या अवतीभवती असलेले जिवाणू आणि बुरशी ती कितीतरी आधी फस्त करतात. केळीची ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतींच्या तुकड्यापासून वाढवलेली) रोपे ज्या बाटल्यांत वाढवतात, त्या माध्यमात लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर घातलेली असते आणि रोपे ती वापरतातही. मात्र ती बाटली पूर्णपणे निर्जंतुक असते. तेच द्रावण तुमच्या कुंडीत ओतले तर दोन-तीन दिवसांत आंबूस वास सुटेल आणि झाड मान टाकेल.

म्हणजे काकवी हे मातीतील सूक्ष्मजीवांचे खाद्य आहे. साखर मिळताच त्यांची संख्या झपाट्याने वाढते. वाढलेले जीव शेणखत, गांडूळखत, पेंड यांसारखे सेंद्रिय पदार्थ अधिक वेगाने कुजवतात आणि त्यांत अडकलेले नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) व इतर अन्नद्रव्ये मुळांना घेता येतील अशा रूपात मोकळी होतात. यातून एक सरळ निष्कर्ष निघतो आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत: ज्या मातीत कुजवण्यासारखे काही नाही, तिच्यात काकवी ओतून काही मिळणार नाही.

राहिला प्रश्न काकवीतील खनिजांचा. उसाच्या मळीत, म्हणजे कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळ्या दाट पाकात, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह असते हे खरे आहे, आणि जाहिरातीत नेमके तेच ठळक अक्षरांत छापतात. थोडा हिशेब करून पाहा. पाच लिटर पाण्यात एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ७ ग्रॅम मळी घातली आणि १०० ग्रॅम मळीत दीड ग्रॅम पोटॅशियम धरले, तर पाण्यात लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटॅशियम येते. फळावर आलेल्या टोमॅटोच्या पोषक द्रावणात हेच प्रमाण लिटरमागे २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ठेवतात. स्फुरद तर मळीत नावापुरताच असतो. पालाश (पोटॅशियम) कमी पडत असेल तर कृषी सेवा केंद्रात मिळणारे ‘शून्य-शून्य-पन्नास’ किंवा ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) हे विद्राव्य खत स्वस्तही पडते आणि मोजूनही देता येते. पालाशासाठी म्हणून काकवी देण्यात अर्थ नाही.

२. तुमच्या कुंडीला तिचा उपयोग आहे का, ते ठरवा

घरातील लागवडीत तीन प्रकारची माध्यमे दिसतात आणि तिन्हींचे उत्तर वेगळे आहे.

पहिला प्रकार म्हणजे पोयटा माती, शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट आणि थोडी निंबोळी पेंड यांचे मिश्रण. येथे काकवीला काम आहे, विशेषतः कुंडी भरून दोन-अडीच महिने झाल्यावर, जेव्हा सहज कुजणारा भाग संपत आलेला असतो आणि मागे राहिलेला चिवट भाग हळूहळू सुटत असतो.

दुसरा प्रकार म्हणजे नुसते कोकोपीट, ज्याला रोज किंवा दिवसाआड विद्राव्य खताचे पाणी दिले जाते. येथे झाडाला अन्नद्रव्ये थेट तयार स्वरूपात मिळत असतात आणि सूक्ष्मजीवांनी मध्यस्थी करण्याची गरज नसते. शिवाय कोकोपीटमध्ये मुळातच पालाश जास्त असतो. तेथे काकवीने फायदा होत नाही, उलट पृष्ठभागावर पांढरी बुरशी आणि माश्या तेवढ्या वाढतात.

तिसरा प्रकार पाण्यातील लागवडीचा, म्हणजे हायड्रोपोनिक्सचा. येथे काकवी पूर्णपणे वर्ज्य समजा. टाकीत साखर गेली की जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात, पाइपांच्या आतून चिकट साय धरते, पंपाची जाळी तुंबते आणि मुळे तपकिरी पडून कुजू लागतात. एवढे बिघडल्यावर संपूर्ण यंत्रणा रिकामी करून धुण्याखेरीज उपाय राहत नाही.

माती पहिल्या प्रकारची असली तरी निचरा तपासा. कुंडीला एक तांब्या पाणी घाला. दोन-तीन मिनिटांत तळातून पाणी येऊ लागले पाहिजे. पाणी वरच साचून राहत असेल तर आधी माती भुसभुशीत करा. घरात वारा कमी, ऊन नाही, त्यामुळे कुंडी उघड्यावरच्या मानाने कितीतरी सावकाश वाळते. अशा गच्च मातीत साखर गेली तर हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि मुळे गुदमरतात.

३. काय विकत घ्यायचे आणि काय टाळायचे

साखर कारखान्यातील मळी हा पहिला विचार बहुतेकांच्या मनात येतो, विशेषतः ज्यांचे गाव ऊसपट्ट्यात आहे त्यांच्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्रात मळीपासून मद्यार्क तयार होत असल्यामुळे तिची खरेदी, साठा आणि वाहतूक यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते, आणि त्यासाठी १९५५ पासूनचे स्वतंत्र मळी नियम आहेत. ओळखीतून कॅन भरून आणण्याची ही वस्तू नाही. दुसरे असे की ग्रामीण भागात प्रेसमडलाही (उसाचा रस गाळून साफ करताना उरणाऱ्या गाळाला) मळीच म्हणतात. खताच्या दुकानात ‘उसाची मळी’ मागितली तर काळपट, मातीसारखा भुगा मिळण्याची शक्यता जास्त. तो चांगले खत आहे, पण पाण्यात विरघळणारा नाही.

घरच्या वापरासाठी काकवी सर्वांत सोयीची आहे. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवताना गूळ होण्याच्या बऱ्याच आधी, साधारण १०५ अंशांच्या आसपास तो उतरवला की काकवी मिळते; गुळासाठी हेच तापमान ११८ अंशांच्या पुढे न्यावे लागते. कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत दिवाळीनंतर गुऱ्हाळे सुरू झाली की ताजी काकवी मिळते, शहरांत ती वर्षभर बाटलीबंद असते. बाटलीवरील घटक वाचा. टिकण्यासाठी काही उत्पादक पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. ते सूक्ष्मजीवांना रोखण्यासाठीच असते. आपल्या प्रमाणात ते इतके विरळ होते की फार नुकसान होणार नाही, परंतु निवड करता येत असेल तर त्याविना असलेली घ्या.

काकवी मिळाली नाही तर गूळ चालतो. त्यातही गडद तपकिरी, जरा मऊ गूळ घ्या. पिवळाधमक, चकचकीत गूळ बहुधा हायड्रॉस (रंग उडवणारे रसायन) वापरून उजळलेला असतो, त्यात गंधकाचा अंश राहतो आणि त्यासाठी पैसेही जास्त मोजावे लागतात. साधी पांढरी साखर घातली तरी जिवाणूंना फरक पडत नाही, पण तिच्यात खनिजे अजिबात नसतात. दुकानांत ‘फुलोरा वाढवणारे कर्बोदक’ अशा नावाने मिळणाऱ्या छोट्या आयात बाटल्यांच्या लेबलवर मात्र बहुतेक वेळा उसाची साखर किंवा मळी हाच पहिला घटक असतो. माझ्या मते त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

४. हाताशी ठेवायचे साहित्य

- काकवी किंवा गडद गूळ
- ५ लिटरची बादली आणि ढवळण्यासाठी लाकडी काठी
- मापासाठी सुईविरहित सिरिंज किंवा औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे मापाचे झाकण
- झारी, शक्यतो बारीक तोंडाची
- प्रत्येक कुंडीखाली पाणी झेलणारी थाळी
- पिवळे चिकट सापळे
- तारखा टिपण्यासाठी वही

सामू (पीएच) मोजण्याच्या पट्ट्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही. टीडीएस मीटरबद्दल मात्र एक इशारा देणे भाग आहे. हे उपकरण पाण्यातील क्षारांमुळे वाहणारी वीज मोजते. साखर पाण्यात विरघळली तरी वीज वाहून नेत नाही, म्हणून काकवीचे पाणी कितीही गोड झाले तरी मीटरचा आकडा थोडासाच हलतो. आकडा कमी दिसतो म्हणून आणखी एक चमचा घालणे हा या विषयातील सर्वांत सर्रास दिसणारा सापळा आहे. काकवी मापानेच घालायची, मीटरवरून नाही.

५. द्रावण तयार करा

नळाचे पाणी बादलीत भरून एक रात्र उघडे ठेवा, म्हणजे त्यातील क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जाईल. सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी खाद्य द्यायचे आणि त्याच पाण्यातून त्यांना मारणारे द्रव्य पाठवायचे, यात काही शहाणपण नाही. बोअरचे पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्न नसतो, पण क्षार जास्त असण्याची शक्यता असते. कुंडीच्या कडेला पांढरी पूड धरत असेल तर आरओ यंत्राचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी निम्मे मिसळा.

प्रमाण पुढीलप्रमाणे धरा. पहिल्या वेळेस लिटरमागे १ मिलिलिटर काकवी, म्हणजे पाच लिटरला एक सपाट चहाचा चमचा. दोन-तीन वेळा देऊन झाड आणि माती व्यवस्थित असल्याचे दिसले, तर हे प्रमाण लिटरमागे २ मिलिलिटरपर्यंत नेता येते. त्यापुढे जाण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही. गूळ वापरत असाल तर पाच लिटरला सुपारीएवढा खडा, अंदाजे ७ ग्रॅम.

हिवाळ्यात काकवी इतकी घट्ट होते की सिरिंजमध्ये ओढली जात नाही आणि चमच्याच्या पाठीला चिकटून निम्मी तेथेच राहते. म्हणून वाटीभर कोमट पाण्यात काकवी घेऊन ती आधी पूर्ण विरघळवा आणि मग ते पाणी बादलीत ओता. चमचाही त्याच पाण्यात खळखळून घ्या. थंड पाण्यात थेट टाकलेली काकवी तळाशी बसते आणि झारीतून शेवटी जे निघते ते एकाच कुंडीच्या वाट्याला येते. गूळ वापरल्यास द्रावण जुन्या सुती फडक्यातून गाळून घ्या, कारण त्यातील चिपाडाचे तूस झारीच्या छिद्रांत अडकते. तयार झालेले पाणी फिकट चहाच्या रंगाचे दिसले पाहिजे. ते काळ्या कॉफीसारखे दिसत असेल तर प्रमाण नक्कीच चुकले आहे.

येथे जीवामृताचा (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या द्रवखताचा) उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण अनेकजण त्याचेच प्रमाण कुंडीला लावतात. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या जीवामृतात २०० लिटर पाण्याला २ किलो गूळ असतो, म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम. हे वाचून ‘मग आपले एक मिलिलिटर फारच कमी’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते २०० लिटर एका एकराला, पाटाच्या पाण्याबरोबर जातात. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्या हिशेबाने चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम गूळ येतो आणि १२ इंची कुंडीच्या तोंडाएवढ्या जागेला चिमूटभरही नाही. आपण अर्धा लिटर पातळ काकवीचे पाणी देतो तेव्हाही जागेच्या मानाने शेतापेक्षा कितीतरी जास्त साखर देत असतो. कुंडीत दिलेले सगळे तिथेच राहते, शेतासारखे पसरत नाही, ही गोष्ट प्रमाण वाढवण्याचा मोह झाला की आठवावी.

द्रावण त्याच दिवशी संपवा. उरलेले बाटलीत भरून ठेवले तर खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवसांत ते आंबते, झाकण फुगते आणि दारूसारखा वास येतो. असे पाणी कुंडीत घालू नका.

६. केव्हा आणि कसे द्यायचे

रोप कुंडीत लावल्यावर किमान महिनाभर काकवी देऊ नका. कोवळ्या रोपाची मुळे थोडी असतात, त्याला अन्न कमी लागते आणि नव्याने भरलेल्या मातीत कुजण्याची क्रिया आधीच जोरात चाललेली असते. मिरचीला पहिल्या फांद्या फुटल्यावर आणि टोमॅटोला पहिला फुलांचा घोस दिसू लागल्यावर सुरुवात करावी.

दोन आठवड्यांतून एकदा देणे पुरेसे आहे. देण्याच्या आदल्या दिवशी कुंडीवर मूठभर गांडूळखत पसरून वरच्या इंचभर मातीत हलकेच मिसळा. हे टाळू नका, कारण सूक्ष्मजीवांना साखरेबरोबर नत्रही लागते. कुजण्याची क्रिया सुरळीत चालण्यासाठी कर्बाच्या (कार्बनच्या) साधारण २५ भागांना नत्राचा १ भाग हवा असतो. काकवीत कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ नाही. मग हे जीव आपल्या शरीरासाठी लागणारे नत्र मातीतून उचलतात आणि तेवढ्या काळापुरते झाडाला ते मिळत नाही. गांडूळखत ही तूट भरून काढते.

दुसऱ्या दिवशी बोट मातीत दोन पेरांपर्यंत खुपसून पाहा. वरचा भाग कोरडा आणि खाली किंचित ओल, ही योग्य स्थिती. माती पूर्ण सुकली असेल तर आधी साधे पाणी द्या आणि अर्ध्या तासाने काकवीचे, नाहीतर ते कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरते. १२ इंची कुंडीला अर्धा लिटर पुरते. झारी खोडापासून चार बोटे लांब धरून गोलाकार फिरवा आणि खोडावर पाणी पडू देऊ नका. वेळ सकाळची, दिवे लागल्यानंतरची निवडा, म्हणजे दिवसभरात वरचा थर सुकतो. थाळीत उतरलेले पाणी तासाभरात ओतून टाका, कारण मुंग्यांना पत्ता लागतो तो बहुधा या थाळीतूनच.

पानांवर फवारणी करावी का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. घरात तरी करू नये. वारा नसल्यामुळे चिकट थर पानावरच राहतो, त्यावर काळी बुरशी धरते, धूळ बसते आणि दिव्याचा प्रकाश पानापर्यंत पोहोचण्यात अडथळा येतो.

ऋतूचाही विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत रात्री माती गार पडते आणि सूक्ष्मजीवांचे काम मंदावते, तेव्हा काकवी महिन्यातून एकदाच दिलेली बरी. मुंबई, ठाणे आणि कोकण-गोव्याकडच्या वाचकांनी पावसाळ्याचे दोन-अडीच महिने ती थांबवावीच. हवेतील दमटपणामुळे कुंड्या सुकतच नाहीत.

७. पुढील दिवसांत काय पाहायचे

काकवी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाडात काही चमत्कार दिसणार नाही, आणि दिसला तर त्याचे श्रेय बहुधा त्याच सुमारास दिलेल्या गांडूळखताचे असते. खरोखर पाहण्यासारखा बदल मातीत होतो: वरचा थर उकरला की तो अधिक दाणेदार लागतो, पहिल्या पावसानंतर येतो तसा वास येतो आणि गांडूळखताचे गोळे लवकर विरतात. परिणाम खरा की भासाचा, हे तपासायचे असेल तर एकाच दिवशी लावलेल्या दोन सारख्या कुंड्यांपैकी एकीला काकवीचे आणि दुसरीला साधे पाणी द्या, बाकी सारे सारखे ठेवा आणि वहीत फळांचे वजन लिहा. ही तुलना तुमच्या घरात, तुमच्या मातीत केलेली असल्यामुळे मोलाची आहे.

काही लक्षणे दिसली तर काकवी थांबवावी.

खालची जुनी पाने एकसारखी फिकट पिवळी पडू लागली, तर नत्र अडकले आहे असे समजा. ‘एकोणीस-एकोणीस-एकोणीस’ लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात एकदा द्या आणि महिनाभर काकवी बंद ठेवा.

टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडून बसू लागले, तर फळाला कॅल्शियम पोहोचत नाही असा अर्थ होतो. याचे मुख्य कारण अनियमित पाणी असते, पण जास्त झालेला पालाशही कॅल्शियमच्या शोषणात आडवा येतो. पाण्याचे वेळापत्रक सुधारा, पालाशाची खते आणि काकवी दोन्ही थांबवा. याला रोग समजून बुरशीनाशक फवारणारे पुष्कळ आहेत. त्याने काहीच होत नाही.

मातीला आंबट किंवा सडका वास येऊ लागला, तर तळाची छिद्रे तुंबली आहेत का ते प्रथम पाहा. मग माती काडीने खोलवर टोचून हवा खेळती करा आणि वरचा भाग पूर्ण सुकेपर्यंत पाणी तोडा.

८. मुंग्या, माश्या आणि बुरशी

घरातील इतर मंडळींचा विरोध ओढवून घ्यायचा नसेल तर ही पायरी गांभीर्याने घ्या. मुंग्यांना कुंडीतील पातळ द्रावणापेक्षा बाहेर सांडलेले घट्ट थेंब जास्त आकर्षित करतात: बाटलीच्या गळ्यावरून ओघळलेली काकवी, बादलीच्या कडेचा डाग, थाळीत सुकलेला थर. बाटली वापरून झाली की ओल्या फडक्याने पुसून तिच्या बुडाखाली पाण्याची ताटली ठेवा. कुंडीतच वारूळ झाले असेल तर काकवी बंद करून मातीत निंबोळी पेंड मिसळा. मुंग्यांची ये-जा खोडावरून चालू असेल तर पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण किंवा मावा आहे का ते पाहा. मुंग्या बहुधा त्यांनी सोडलेल्या गोड रसासाठी वर चढत असतात आणि त्या बदल्यात या किडींचे रक्षण करतात.

सतत ओल्या राहणाऱ्या मातीवर काळपट बारीक माश्या घोटाळू लागतात, ज्यांना आपण सरसकट चिलटे म्हणतो. त्यांच्या अळ्या मातीतील बुरशी खातात आणि तेवढ्यावर न थांबता कोवळी मुळेही कुरतडतात. उपाय म्हणजे वरचा इंचभर थर सुकू देणे आणि कुंडीच्या तोंडाशी पिवळे चिकट सापळे आडवे ठेवणे. सापळ्यावर रोज नव्या माश्या दिसत असतील तोवर काकवी देऊ नका. मातीवर पांढरी कापसासारखी बुरशी आली तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. खुरप्याने मोडून टाका आणि पाणी कमी करा.

९. हवा सोडून केलेले खतपाणी: येथे जपून

मत्स्यालयाचा पंप लावून बादलीत गांडूळखत, पाणी आणि काकवी एक दिवस घुसळायचे आणि ते पाणी झाडांना द्यायचे, हा प्रकार अलीकडे लोकप्रिय होत आहे. तत्त्व तेच आहे, पण यात एक धोका आहे. नीट न कुजलेल्या शेणखतात ई. कोलाय किंवा साल्मोनेला यांसारखे आजार पसरवणारे जिवाणू थोड्या संख्येने असू शकतात आणि काकवीच्या साखरेवर इतरांबरोबर त्यांचीही वाढ होते. म्हणून कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस, मुळ्याचा पाला असे जे कच्चे खाल्ले जाते, त्याला असे पाणी मुळीच घालू नये. मिरची-टोमॅटोला द्यायचेच असेल तर पूर्ण कुजलेले गांडूळखत वापरा, मातीतच द्या, फळांवर उडू देऊ नका, आणि नंतर बादली, नळी व हवेचा दगड साबणाने धुऊन कडक वाळवा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हा प्रकार पहिल्या वर्षी टाळावा, असेच मी सुचवेन. साधे काकवीचे पाणी आणि मूठभर गांडूळखत यांतून जवळपास तेवढेच साधते आणि घरात पंपाची घरघरही नसते.

१०. कधी थांबवायचे

टोमॅटोच्या शेवटच्या घोसातील फळे रंगू लागली की काकवी बंद करा, कारण त्यानंतर मातीत मोकळे होणारे अन्न त्या झाडाच्या उपयोगी पडत नाही. फळे तोडण्यापूर्वी काकवी दिल्यास ती गोड होतात, असे सांगितले जाते. फळाचा गोडवा वाणावर, पानांना मिळालेल्या प्रकाशावर आणि शेवटच्या दिवसांत दिलेल्या पाण्याच्या प्रमाणावर ठरतो, हे पहिल्या पायरीवरून लक्षात आले असेलच; दिवा झाडापासून जास्त उंचावर असेल तर तो खाली आणण्याने अधिक फरक पडेल. मिरची वर्षभर फळत राहते, तिला छाटणीनंतर महिनाभर विश्रांती देऊन पुन्हा याच क्रमाने सुरुवात करता येते.

झाड काढल्यावर उरलेली माती टाकून देऊ नका. ती मोठ्या घमेल्यात पसरून जाड मुळे वेचा, चौथा हिस्सा नवे गांडूळखत मिसळा, लिटरला २ मिलिलिटर काकवीच्या पाण्याने वाफशावर येईल (ओलसर लागेल, पण चिखल होणार नाही) इतकीच भिजवा आणि गोणपाटाने झाकून तीन आठवडे सावलीत ठेवा. दर चार-पाच दिवसांनी एकदा वरखाली करा. उरलेली बारीक मुळे या काळात कुजून जातात आणि तीच माती पुढच्या लागवडीला वापरता येते.